तगर आणि रोमन गृहदेवता : घरगुती पूजेच्या पुराव्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे, तर इतिहासाच्या अभ्यासकांना ते प्राचीन ‘तगर’ म्हणून परिचित आहे. ज्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलून धाराशिव असे झाले, त्या जिल्ह्यातील हे गाव इसवी सनाच्या पहिल्या शतकात भूमध्यसमुद्राच्या काठच्या व्यापाऱ्यांना नावाने ठाऊक होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथाच्या अज्ञात कर्त्याने असे नमूद केले आहे की, बारिगाझा म्हणजे भडोच येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असून तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड व तगराहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशांतून तेथे येणारा इतर माल, असा सर्व व्यापार रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचा निर्देश आहे. कोकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहारांनी पुढे शेकडो वर्षांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरविले, त्यावरून या नगराची कीर्ती त्याच्या वैभवकाळानंतरही टिकून होती, हे उघड आहे.

हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी देवगिरीचे नाव पुढे केले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचे, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे. शेवटी १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरच, असे साधार प्रतिपादन केले आणि हेन्री कझिन्स यांनी तेथील प्राचीन अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केल्यावर तो वाद बहुतांशी मिटला. बा. ना. चापेकर यांनी १९५८ साली केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरच्या कलावस्तूंवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. या सर्व कामांतून सातवाहनकालीन तेरचा रोमन जगाशी असलेला व्यापारी संबंध निर्विवाद झाला आहे.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मालाबरोबर देवही आले काय? एखाद्या रोमन देवतेची तिच्या भक्ताने घरच्या घरी, साध्या रीतीने केलेली पूजा दख्खनमध्ये, विशेषतः तगरात, कधी झाली असेल काय? आणि झाली असल्यास ती आपणांस ओळखता येईल काय? प्रश्न कुतूहलाचा वाटला, तरी त्याच्या उत्तरावर बरेच अवलंबून आहे. परदेशी बनावटीची एक लहानशी मूर्ती सापडली की ‘येथे रोमन देवळे होती’ असे म्हणण्याचा मोह एका बाजूस असतो. आणि ती केवळ हौसेची वस्तू होती, असे म्हणून तिची बोळवण करण्याचा मोह दुसऱ्या बाजूस. दोन्ही मते पुराव्याच्या स्वरूपाचा पुरेसा विचार न करता मांडली जातात. तो विचार येथे करावयाचा आहे.

२. रोमन घरातील देव आणि त्यांची पूजा

रोमन धर्म म्हटला की ज्युपिटरची भव्य देवालये, पुरोहितमंडळे आणि पशुबळी यांचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु सामान्य रोमन माणसाचा देवाशी रोजचा संबंध येई तो घरात. घराचा रक्षक ‘लार’, कोठीघराचे व अन्नसाठ्याचे देव ‘पेनातेस’, गृहस्वामीचे जन्मजात सत्त्व समजला जाणारा ‘गेनिउस’ आणि चुलीतील अग्नीची देवता ‘वेस्ता’ हे या घरगुती धर्माचे मुख्य दैवत. त्यांच्यासाठी भिंतीत कोनाडा केलेला असे किंवा लाकडाचे लहान देवघर असे. आजचे अभ्यासक त्यास ‘लारारिउम’ म्हणतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात असे देव्हारे मोठ्या संख्येने आढळले आहेत. तेथील वेत्ती घराण्याच्या वाड्यातील देव्हाऱ्यात डोक्यावर वस्त्र घेतलेला गेनिउस मध्ये उभा असून दोन्ही बाजूंस नाचऱ्या पवित्र्यातील लार आहेत आणि खाली सर्प रंगविलेला आहे. घराच्या रक्षणासाठी सर्प, हे चित्र मराठी वाचकास अपरिचित वाटू नये.

या पूजेचा विधी किती साधा होता, याची साक्ष रोमन वाङ्मयात ठिकठिकाणी मिळते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कातो याने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात शेतमळ्यावरील कारभारणीची कर्तव्ये सांगितली आहेत. तिने रोज रात्री निजण्यापूर्वी चूल व तिच्या सभोवतालची जागा झाडून स्वच्छ करावी. महिन्याची पहिली तिथी, ‘नोने’ व ‘ईदे’ या तिथी आणि सणाचे दिवस या दिवशी चुलीवर हार घालावा आणि आपल्या ऐपतीप्रमाणे घरच्या लाराची प्रार्थना करावी, असे तो म्हणतो. प्लाउतुस या नाटककाराच्या एका सुखान्त नाटकात तर लारच सूत्रधारासारखा रंगमंचावर येतो. घराचा मालक कृपण आहे, पण त्याची मुलगी रोज धूप, मद्य किंवा जे काही जमेल ते आपणांस वाहते, हार घालते. म्हणून तिच्या लग्नासाठी चुलीत पुरलेले धन आपण उघड होऊ दिले, असे तो प्रेक्षकांना सांगतो. होरेस या कवीने खेड्यातील एका स्त्रीला उद्देशून जी कविता लिहिली, तिचाही आशय हाच आहे : अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राच्या दिवशी आकाशाकडे तळवे उंचावून, थोडा धूप व यंदाचे धान्य अर्पण केले तरी पुरे; मोठा बळी देणे तिच्यासारखीचे काम नव्हे; निर्मळ हाताने वाहिलेले मीठ व पीठ देवांना पोचते.

जेवणाच्या वेळी अन्नाचा काही भाग बाजूस काढून देवांना देण्याची चाल होती. मुलगा वयात आला म्हणजे लहानपणापासून गळ्यात घातलेला ‘बुल्ला’ नावाचा ताईत तो लारास अर्पण करी. पूजा करताना डोके वस्त्राने झाकून घेण्याचा प्रघात होता. या सर्वांत पुरोहिताची आवश्यकता कोठेही नाही. घरचा कर्ता किंवा त्याच्या आज्ञेने घरची बाई हेच पूजक.

या पूजेचे महत्त्व तिच्या शेवटावरूनही कळते. ८ नोव्हेंबर ३९२ रोजी सम्राट थिओडोसिउस याच्या राजवटीत जो कायदा झाला, त्यात केवळ देवालयांतील बळी निषिद्ध ठरवून सरकार थांबले नाही. लारास अग्नी, गेनिउसला मद्य, पेनातेसना सुगंध अर्पण करणे, त्यांच्यापुढे दिवे लावणे, धूप ठेवणे, हार टांगणे हे सर्व त्यात नाव घेऊन वर्ज्य केले आहे. देवळे बंद करणे सोपे असते, परंतु कोनाड्यातील दिवा विझविणे अवघड असते. म्हणूनच साम्राज्याला एका लहान दिव्याची आणि हाराची नोंद कायद्यात घ्यावी लागली. इतिहासकाराच्या दृष्टीने हा निषेध म्हणजे त्या विधीच्या साहित्याची अधिकृत यादीच होय.

३. साम्य आणि त्याची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या घरात वाढलेल्या वाचकास वरील वर्णन वाचताना आपल्या घरातील देव्हारा आठवल्याशिवाय राहणार नाही. देवघरातील टाक, चुलीला दाखविलेला नैवेद्य, ताटाभोवती पाणी फिरवून ठेवलेल्या चित्राहुती, डोक्यावरचा पदर, अमावास्या-पौर्णिमेचे नेम, वास्तुपुरुषाची प्रतिष्ठा या गोष्टींशी रोमन विधीचे साम्य पावलोपावली दिसते. व्हर्जिलच्या महाकाव्यात नायक ट्रॉय नगर जळत असता घरचे देव बरोबर घेऊन निघतो. आपल्याकडेही गाव सोडताना कुटुंबे टाक फडक्यात बांधून नेत आली आहेत.

परंतु या साम्यावरून देवाणघेवाणीचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. शेती करणाऱ्या, धान्य साठविणाऱ्या आणि एका चुलीवर जेवणाऱ्या कोणत्याही समाजात चूल, उंबरठा व कोठी यांना देवत्व येणे स्वाभाविक आहे. शिवाय बारकाईने पाहिल्यास भेदही ठळक आहेत. आपल्या कुलदैवताला क्षेत्र असते. धाराशिव जिल्ह्यातील घरी तुळजाभवानीचा टाक असला, तरी मूळ स्थान तुळजापूर हे मनात असते आणि कुळधर्माची पूर्तता तेथे गेल्यावाचून होत नाही. रोमन लाराला असे मूळ क्षेत्र नाही. तो त्या घराचा, त्या चुलीचा किंवा फार तर चौरस्त्याचा देव. त्यामुळे घर सोडून समुद्रापार गेलेला रोमन व्यापारी आपल्याबरोबर कोणता देव नेऊ शकत होता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चुलीचा देव चुलीजवळ राहतो. बरोबर नेता येतो तो लहान मूर्तीच्या रूपातील देव, आणि त्यातही प्रवासात उपयोगी पडणारा.

४. दख्खनमधील वस्तूंची साक्ष

या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत बोलका नमुना तेरचा नाही, तो कोल्हापूरचा आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकाडावर रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू मिळाल्या. त्या स्थळाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केले आणि अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्या कांस्यवस्तूंमध्ये ग्रीकांचा पोसायडन, म्हणजे रोमनांचा नेपच्यून, या समुद्रदेवाची हातात मावणारी सुबक मूर्ती आहे. समुद्र ओलांडून येणाऱ्या माणसाने समुद्रदेवाची लहान मूर्ती जवळ बाळगावी, हे इतके सयुक्तिक आहे की, ही एखाद्या यवन व्यापाऱ्याची पूजामूर्ती असावी असे चटकन वाटते. तथापि तिच्या सोबत काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. तिच्या बरोबरच्या वस्तूंत कांस्याचा आरसा आहे, मद्याची सुरई आहे, इतर भांडी आहेत. हे देवघरातील साहित्य दिसत नाही. श्रीमंत घरातील किंवा व्यापाऱ्याच्या कोठारातील मौल्यवान धातूवस्तूंचा हा संचय वाटतो. अशा संचयात मूर्तीचे स्थान देवाचे होते की शोभेच्या वस्तूचे, हे मूर्ती स्वतः सांगू शकत नाही.

याची उलट बाजू पाहिली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९३८ साली अमेदेओ माइउरी यांना पाँपेई येथील एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने जगप्रसिद्ध झाली. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि आपले तेर येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे शैलीसाम्य दाखविण्यात आले असून ती दख्खनमध्येच घडली असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. ती लक्ष्मी आहे की यक्षी आहे की केवळ प्रसाधन करणारी स्त्री, हे ठरलेले नाही. तिच्या डोक्यावरील उभ्या छिद्रावरून ती एखाद्या लहान चौरंगाचा किंवा अन्य वस्तूचा भाग असावी, असे मानले जाते. आता, पाँपेईतील त्या घरचा रोमन गृहस्थ लक्ष्मीची पूजा करीत होता, असे कोणी म्हटलेले नाही, आणि तसे म्हणणे योग्यही नाही. मग कोल्हापूरच्या समुद्रदेवापुढे कोणी रोज दिवा लावीत होते, असे तरी आपण कशावरून म्हणावे? जो न्याय पाँपेईला, तोच कोल्हापूरला लावला पाहिजे.

तेरचा पुरावा याहून वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे मिळालेल्या पांढऱ्या चिकणमातीच्या, म्हणजे केओलिनच्या, मूर्ती दुहेरी साच्यात घडविलेल्या आहेत. पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत काढून मग जोडण्याची ही पद्धत रोमन कारागिरीच्या संपर्कातून आली, असे मत प्रचलित आहे. परंतु या मूर्तींचे चेहरे, केशरचना व अलंकार स्थानिक आहेत. येथे तंत्र आले. देव आले नाहीत.

तीच गोष्ट मातीच्या बुल्लांची. तिबेरिउस इत्यादी सम्राटांच्या नाण्यांच्या नकला मातीत करून, वर कडी ठेवून, त्या गळ्यात घालण्याची आवड सातवाहनकाळात दख्खनमध्ये पसरली होती. कोंडापूर, तेर अशा स्थळांवर त्या मिळतात. पुराणवस्तूंचे अभ्यासक त्यांस ‘बुल्ला’ म्हणतात. रोमन मुलगा लारास अर्पण करीत असलेला ताईतही ‘बुल्ला’च. नामसाम्यामुळे दोहोंचा संबंध जोडण्याची चूक सहज होऊ शकते. वास्तविक तेरच्या बुल्लांना हे नाव आधुनिक अभ्यासकांनी त्यांच्या आकारावरून दिले आहे. तेरच्या कुंभाराला किंवा ती घालणाऱ्या स्त्रीला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. या ठिकाणी आपल्या घरातीलच उदाहरण घ्यावे. मराठी स्त्रियांच्या पुतळ्यांच्या माळेत व्हेनिसची सोन्याची नाणी किंवा त्यांच्या नकला असत. त्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती कोरलेला असतो. म्हणून पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आपल्या पणज्या संत मार्काच्या उपासक होत्या काय? नाण्याचे सोने व त्यावरील आकृतीची शोभा त्यांना पुरेशी होती. तेरच्या मातीतील सम्राटाचा मुखवटाही याच न्यायाने पाहावा.

५. नग्नदेवतेचा वाद

तेरच्या घरगुती पूजेविषयी सर्वांत महत्त्वाचा वाद झाला तो लज्जागौरीच्या लहान मूर्तींवरून. उत्तानपाद बसलेल्या या नग्नदेवतेच्या साच्यातील लहान मूर्ती तेर व इतर सातवाहनकालीन स्थळांवर मिळाल्या आहेत. डॉ. सांकलिया यांनी १९६० साली या देवतेचा भारत, पश्चिम आशिया आणि आग्नेय आशिया असा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला आणि रोमन काळातील ईजिप्तमधील ‘बाउबो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीमूर्तींशी तिचे नाते सूचित केले. व्यापारमार्गाने देवताविधी आला, या मताला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. उलटपक्षी डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात ही देवता भूमातेचे रूप असून रेणुका, यल्लम्मा आणि वारुळाची पूजा यांच्याशी तिचा आंतरिक संबंध आहे, असे दाखविले.

आमच्या मते या वादात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत. साच्याचे तंत्र आणि मूर्ती लहान आकारात विपुल प्रमाणात तयार करण्याची सोय बाहेरून आलेली असू शकते. परंतु जिची मूर्ती तयार झाली ती सर्जनदेवता आणि तिच्यापुढे मागावयाचे मागणे ही बाहेरून येण्याची गरज नव्हती. संततीसाठी आणि पिकासाठी मागणे मागावयास तेरच्या कुणबिणीला ईजिप्तचा आधार लागला असेल, असे मानता येत नाही. तेरच्याच त्रिविक्रम मंदिराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. त्याचा विटांचा चापाकार भाग मूळचा बौद्ध चैत्य असावा, असे सामान्यतः मानतात. आज तेथे त्रिविक्रम विष्णू आहे. वास्तू तीच राहिली आणि देवता बदलली. साचा तोच असून त्यातून वेगळी देवता घडू शकते, हे ज्या गावाने विटांत दाखवून दिले, त्या गावाच्या मूर्तींविषयी रूप आणि आशय यांची गल्लत करणे बरे नव्हे.

६. उलट्या दिशेचा प्रवास

देव आले नाहीत, असे म्हटले तर धर्माचा काहीच संबंध आला नाही काय? तसे नाही. तो संबंध पूजाद्रव्यांच्या रूपाने आला, आणि त्याचा पुरावा मूर्तींच्या पुराव्याहून भक्कम आहे.

‘पेरिप्लस’मध्ये भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंत, गोमेद, मलमल यांच्याबरोबर कोष्ठ आणि गुग्गुळ यांचा उल्लेख आहे. दोन्ही सुगंधी व धूपास योग्य द्रव्ये. प्रोपेर्तिउस हा रोमन कवी आपल्या एका रचनेत वेदीवर वाहावयासाठी धूपाबरोबर कोष्ठ मागतो. म्हणजे रोमन वेदीवर उठणाऱ्या धुरात हिंदुस्थानातील द्रव्याचा सुवास मिसळलेला होता. ही द्रव्ये तगरची नव्हेत. परंतु तगरच्या मलमलीच्या गाड्या ज्या बंदरात रिकाम्या होत, त्याच बंदरातून ती जात. प्लिनीने हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी तक्रार केली. तिच्यात या सुगंधांचा वाटा नसेल, असे म्हणता येणार नाही.

परतीच्या मालात पोवळे होते. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत ते आहे, आणि ते भूमध्यसमुद्रातील. प्लिनी सांगतो की, आपल्या स्त्रिया हिंदी मोत्यांना जितके मानतात तितकेच हिंदी लोक पोवळ्याला मानतात; आणि ते अंगावर बाळगले असता संकट टळते, अशी तिकडील ज्ञानी लोकांची श्रद्धा आहे. अशा रीतीने एका समुद्रातील द्रव्य दुसऱ्या समुद्राकाठच्या माणसाच्या गळ्यातील रक्षक बनले. समुद्रापासून दूर असलेल्या तुळजापुरात भवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, ती प्राचीन रोमन संबंधाचा पुरावा नव्हे. परंतु दूरच्या समुद्रातील वस्तू अंतर्देशातील देवीच्या उपासनेत कशी मनःपूर्वक सामावून जाते, हे ती आजही दाखविते. देव आपापल्या घरी राहिले. त्यांच्यापुढे ठेवावयाच्या वस्तूंनी मात्र समुद्र ओलांडला.

७. पुरावा कशास म्हणावे

असे असले, तरी एकाही परदेशी माणसाने दख्खनमध्ये आपल्या देवाची पूजा केली नसेल, असे आम्ही म्हणत नाही. केरळातील मुझिरिसजवळ ‘ऑगस्टसचे देवालय’ दाखविणारा प्राचीन रोमन मार्गनकाशा प्रसिद्ध आहे. तेथे परदेशी व्यापाऱ्यांची स्थिर वस्ती होती, असे त्यावरून दिसते. दख्खनमधील यवनांची माहिती वेगळ्या ठिकाणी मिळते. कार्ले येथील चैत्याच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडील दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त या योनकाचा लेख आहे. यांतील सर्व यवन रोमन साम्राज्यातून आलेले होते, असे मुळीच नव्हे. पण हे लेख एक गोष्ट स्पष्ट करतात : परक्या माणसाने चारचौघांत जे दान दिले, ते येथील भिक्षुसंघाला दिले. सकाळी उठल्यावर तो आपल्या खोलीत कोणापुढे हात जोडीत होता, हे तो लेण्याच्या स्तंभावर कोरणार नव्हता. घरगुती पूजा शिलालेखाच्या आवाक्याबाहेरची आहे.

तिची साक्ष द्यावयाची ती कोनाड्याने, काजळीने, दिव्याच्या जागेने. हार सुकून जातो, मद्य जमिनीत मुरते, धान्य उंदीर-पाखरे खातात, धूर विरून जातो. उरते ती मूर्ती आणि दिवा. आणि तीही परस्परसंबंधात सापडली तरच काही सांगतात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या ईजिप्तमधील प्राचीन बंदरात २०२२ साली इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात बुद्धमूर्ती सापडली. त्याच स्थळी सम्राट फिलिप याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यातील, संस्कृत व ग्रीक अशा दोन भाषांतील लेखही मिळाला. तेथे मूर्ती, स्थान आणि लेख या तिन्ही गोष्टी एकमेकींना आधार देतात. म्हणून भारतीयांनी परदेशात आपल्या श्रद्धेप्रमाणे मूर्ती स्थापिली, असे तेथे निःशंकपणे म्हणता येते. अशा प्रकारची जोड दख्खनमधील रोमन मूर्तीला अद्याप लाभलेली नाही.

येथेच तेरचा प्रश्न केवळ विद्वानांचा न राहता गावाचा होतो. तेरमधील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या टेकाडांवरील पुराणवस्तू आस्थेने जमविल्या. त्या आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात सुरक्षित आहेत. त्यांनी हे केले नसते, तर त्यांतील कित्येक वस्तू पावसात वाहून गेल्या असत्या किंवा शहरच्या दुकानांत विकल्या गेल्या असत्या. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु टेकाडाच्या पृष्ठभागावरून उचललेली मूर्ती आपल्या शेजाऱ्यांपासून तुटलेली असते. ती कोणत्या थरात होती, तिच्याजवळ दिवा होता काय, ती भिंतीलगत होती की केरात फेकलेली होती, ही माहिती तिच्याबरोबर येत नाही. आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या माहितीत आहे. मूर्ती वाचली, पण तिची पूजा हरवली, असे या परिस्थितीचे वर्णन करावे लागेल.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. तगराचा रोमन जगाशी व्यापार होता, हे सिद्ध आहे. रोमन तंत्राचा व अलंकारांचा प्रभाव तेरच्या कारागिरीवर पडला, हे मान्य करण्यास हरकत नाही. रोमन देवतेची व्यक्तिगत पूजा तेथे झाली, असे म्हणण्यास आजचा पुरावा अपुरा आहे; ती झालीच नाही, असे म्हणण्यासही तो तितकाच अपुरा आहे. पूजाद्रव्यांची देवाणघेवाण मात्र दोन्ही दिशांनी झाली आणि ती दोन्हीकडच्या साध्या घरगुती उपासनेत विरघळून गेली.

तेरच्या पांढरीवर आजही घरे उभी आहेत, आजही तेथे पाये खणले जातात आणि पावसाळ्यात टेकाडांच्या कडा ढासळतात. पुढचा मातीचा दिवा किंवा लहान मूर्ती कोणाच्या तरी कुदळीला लागेल. त्या वेळी ती उचलण्यापूर्वी जागा, खोली आणि शेजारच्या वस्तू यांची साधी नोंद कोणी केली, छायाचित्र घेतले आणि संग्रहालयास कळविले, तर जे काम मोठमोठ्या ग्रंथांनी झाले नाही, ते त्या एका नोंदीने होईल. गावातील शिक्षक, शेतकरी आणि गवंडी यांच्या हाती असलेले हे काम आहे, आणि त्यासाठी विद्यापीठाने त्यांच्याकडे जाणे अगत्याचे आहे.